ऑफरोड गाडीची बॅटरी दुसऱ्यांदा गेली, आता कुठली घेऊ जी टिकेल?

चिखलवाट

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावतोय, पण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट मिळतात म्हणून सगळंच लिहितो. माझी डिझेल फोर बाय फोर आहे, रोजच्या वापरात नाही, दोन आठवड्यांतून एकदा डोंगरात नाहीतर नदीपात्रात जाते आणि बाकी वेळ उभीच असते. पुढे विंच (अडकलेली गाडी दोरीने ओढून काढणारी मोटर), वर लाइट बार, मागे कॉम्प्रेसरवाला छोटा फ्रिज. बॅटरी साधी ७० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे साठवण), मेंटेनन्स फ्री. पहिली १६ महिन्यांत गेली, तेव्हा वाटलं पीसच खराब लागला असेल, म्हणून तसलीच दुसरी घेतली आणि ती १४ महिन्यांत गेली.

पहिलीचं विचित्र होतं. मीटर लावला की १२.६ दाखवायची, म्हणजे फुल्ल, आणि सेल्फ मारला की अख्खा डॅशबोर्ड काळा. दोन मिनिटांनी परत सगळे दिवे जिवंत. दुसरीने परवा वाळूत दगा दिला, विंचने गाडी अर्धी बाहेर आली होती तेवढ्यात इंजिन बंद पडलं आणि मग नुसती टकटक. सोबत दुसरी गाडी होती म्हणून जंप देऊन निघालो, पण अंधार पडायला आलेला आणि गाडीत माझी लेक होती, तिचा चेहरा बघून पोटात गोळा आला होता. एकटेच असतो तर काय केलं असतं हे दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

आता ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. एक म्हणतो सीसीए (थंडीत स्टार्टरला मिळणारा करंट) जास्त बघ, दुसरा म्हणतो डोळे झाकून एजीएम (चटईत ॲसिड शोषलेली बॅटरी), तिसरा म्हणतो लिथियम टाक आणि विसरून जा. मला फक्त एवढं कळू द्या की कुठली घेतली म्हणजे परत असं होणार नाही. जास्त खर्च करायची तयारी आहे, पण तिसऱ्यांदा फसायचं नाहीये.

पान्हा_१४

दादा, आधी थांबा. अजून काहीच विकत घेऊ नका. दोन बॅटऱ्या दीड वर्षाच्या आत जातात तेव्हा दोष बहुतेक वेळा बॅटरीत नसतो, गाडीत असतो, आणि तो तसाच राहिला तर तुम्ही कितीही भारी बॅटरी आणा, तिचंही तेच होणार. मी बरीच वर्षं अशाच गाड्यांवर काम करतोय म्हणून कळकळीने सांगतोय.

तुमच्या पहिल्या बॅटरीने तर सरळ सांगितलं होतं तिला काय झालंय. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा, आणि ते एकामागून एक आतून शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. गाडी दगडगोट्यांवरून तासन्‌तास थरथरली की त्या पट्टीला किंवा टर्मिनलच्या मुळाशी तडा जातो. मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे तडा गेलेल्या सांध्यातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. स्टार्टरला मात्र शेकडो अँपिअर लागतात, ते तेवढ्याशा टोकातून जाऊ शकत नाहीत, आणि सगळं काळं पडतं. थोड्या वेळाने सांधा परत टेकतो म्हणून दिवे येतात. ही कंपनाने मेलेली बॅटरी. म्हणून नुसतं व्होल्टेज बघून बॅटरी चांगली आहे असं कधी धरायचं नाही, सेल्फ मारताना मीटर बघायचा. साधारण २० अंशाच्या हवेत सेल्फ चालू असताना ९.६ च्या खाली गेलं तर संशय घ्यायचा.

दुसरी अजून तुमच्याकडे असेल तर एवढं करून कळवा. ती रात्रभर चार्जिंगला लावा, मग काढून काही तास नुसती ठेवा आणि व्होल्टेज बघा. गाडीत बॅटरी हाताने दोन्ही बाजूंनी धरून जोरात हलवा, ती हलते का ते सांगा, नुसतं क्लॅम्प लावलाय असं नको, खरंच हलते का ते. इंजिन चालू असताना टर्मिनलवर किती व्होल्ट येतात, लाइट बार आणि एसी लावून आणि न लावता. आणि गाडी लॉक करून पाऊण तासाने, म्हणजे सगळे कंट्रोलर झोपल्यावर, निगेटिव्ह केबल आणि टर्मिनलच्या मधे मीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावून उभ्या गाडीत किती करंट जातोय ते. मीटर मधे असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

फोरबायफोर_नवखा

मला पण हाच प्रॉब्लेम आहे, फॉलो करतोय. माझी तर बॅटरी गरमच होते, त्याचं काही?

पान्हा_१४

@फोरबायफोर_नवखा गरम होते म्हणजे ओव्हरचार्जिंग आहे का ते आधी बघ. इंजिन चालू असताना सतत १५ व्होल्टच्या वर दिसत असेल तर रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग, गेलाय. ते दुरुस्त केल्याशिवाय गाडी लांब नेऊ नकोस, चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो आणि ठिणगी मिळाली की बॅटरी फुटते, ॲसिड तोंडावर उडतं. वेगळा धागा काढ, तिकडे सविस्तर बोलू.

चिखलवाट

पान्हा काका, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं, शनिवार पूर्ण त्यातच गेला पण बरं झालं केलं.

दुसरी बॅटरी रात्रभर चार्जरला होती, काढून सहा तासांनी १०.४. परत लावली, परत तेच. इंजिन चालू असताना १४.२, सगळं लावून १३.९, म्हणजे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) ठीक असावा ना? उभ्या गाडीत ९० मिलिअँपिअर जातोय. आणि हलवायचं म्हणालात तर... हलते. चांगली बोटभर सरकते पुढे मागे. क्लॅम्पचा नट पूर्ण आवळलेला आहे, आटे संपलेत, तरी वरची पट्टी बॅटरीवर नीट टेकतच नाही. आता लक्षात आलं, कंपनीची मूळ बॅटरी उंच होती आणि मी दोन्ही वेळा जी घेतली ती एएच सारखे असले तरी उंचीला कमी आहे. हे एकदाही बघितलं नव्हतं.

पान्हा_१४

मिळालं बघा. १०.४ म्हणजे एक सेल शॉर्ट, सहातला एक गेला की १२.६ मधून २.१ वजा, १०.५ च्या आसपास राहतं. प्लेटांवरचं मटेरियल धक्क्यांनी झडतं, खाली गाळ साचतो, तो प्लेटांना लागला की सेल मेला. दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या वाटेने गेल्या पण कारण एकच, बोटभर सरकणं. खाचखळग्यात ती १७-१८ किलोची वस्तू दर सेकंदाला ट्रेवर आपटत होती.

९० मिलिअँपिअर पण जास्त आहे. ५० च्या आत असलं की मी चालवून घेतो. हिशोब करा, ०.०९ गुणिले २४ म्हणजे दिवसाला २ एएचच्या थोडं वर, १४ दिवस उभी म्हणजे ३० एएच, तुमच्या ७० मधले जवळजवळ निम्मे. गाडी सुरू होत होती म्हणून तुम्हाला कळलं नाही, पण शिशाची बॅटरी अशी अर्धवट चार्जवर पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि ते परत चार्जिंगनेही पूर्ण विरघळत नाहीत. एकेक फ्यूज काढून बघा, कुठला काढल्यावर आकडा पडतो. माझा अंदाज, विंचच्या वायरलेस रिमोटचा रिसीव्हर नाहीतर डॅशकॅम.

आता बॅटरी कुठली, तर त्यावर डोंगरताई जास्त बोलतील, त्यांनी सगळे प्रकार वापरलेत.

डोंगरताई

दादा, आधी लेक सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. लहान मूल सोबत असलं की गाडी सुरू होणं न होणं ही नुसती गैरसोय राहत नाही, म्हणून मी या विषयात जरा जास्तच बोलते.

तुमच्यासारख्या वापराला मी एजीएम सांगेन, पण का ते समजून घ्या म्हणजे कुणी नावावर काहीही खपवणार नाही. साध्या बॅटरीत ॲसिड मोकळं डुचमळत असतं. एजीएममधे ते काचेच्या तंतूंच्या बारीक चटईत शोषलेलं असतं आणि प्लेटा त्या चटईत दाबून बसवलेल्या असतात. त्यामुळे मटेरियल झडायला जागाच कमी, कंपन जास्त सोसते, आणि गाडी बाजूला कलली किंवा उलटली तरी ॲसिड ओघळत नाही. उतारावर गाडी तिरकी उभी राहिल्यावर साध्या बॅटरीच्या झाकणातून ॲसिड पाझरून ट्रे खाल्लेला मी स्वतः बघितलाय, बॉडीला भोक पडायची वेळ आली होती. दुसरं म्हणजे आतला रेझिस्टन्स कमी, म्हणून विंचसारखा मोठा करंट चांगला देते आणि चार्जही लवकर घेते.

तोटेही आहेत. उष्णता तिला आवडत नाही, आणि तिच्यात वरून पाणी घालता येत नाही, एकदा सुकली की सुकली. बॅटरी टर्बो किंवा एक्झॉस्टच्या शेजारी असेल तर मधे हीट शील्ड लावाच. बॅटरीचं तापमान साधारण १० अंशांनी वाढलेलं राहिलं की आयुष्य निम्म्यावर येतं असा ढोबळ नियम आहे आणि माझ्या अनुभवात तो खरा निघालाय. चार्जिंगला एजीएमला १४.४ ते १४.७ मिळालं तर उत्तम. तुमचं १४.२ चालण्यासारखं आहे, फक्त महिन्यातून एकदा एजीएम मोड असलेल्या चार्जरवर रात्रभर लावायची सवय करा, उभ्या गाडीला तसंही ते हवंच. ज्यांच्या जुन्या गाडीत १३.८ च येतं त्यांनी आधी रेग्युलेटर बघावा, नाहीतर महागातली एजीएम कायम अर्धपोटी राहील आणि वर्षभरात जाईल.

मग सीसीए. हा आकडा थंडीतला आहे, उणे १८ अंशाला ३० सेकंद किती अँपिअर देऊन व्होल्टेज ७.२ च्या वर राहतं तो. डिझेलला कॉम्प्रेशन जास्त म्हणून तो लागतोच, पण गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढा किंवा थोडा वर असला की पुरे. त्याच्या मागे लागू नका, कारण त्याच आकाराच्या डब्यात सीसीए वाढवायचा म्हणजे प्लेटा पातळ आणि जास्त करतात, आणि पातळ प्लेटा खोल डिस्चार्ज, म्हणजे बॅटरी बरीच रिकामी होणं, सोसत नाहीत. अमेरिकन आणि युरोपियन मोजणी वेगळी असते हेही लक्षात ठेवा, दोन बॅटऱ्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच स्टँडर्डचे आहेत का बघा.

तुमच्या कामाचा खरा आकडा रिझर्व्ह कपॅसिटी. अल्टरनेटर बंद पडला तर २५ अँपिअरचा लोड किती मिनिटं चालेल तो. १२० मिनिटं लिहिलं असेल तर ५० एएच हातात आहेत असं समजा. रात्री फ्रिज, कॅम्पचे दिवे, मधेच विंच, या सगळ्याला तोच आधार. म्हणून ड्युअल पर्पज एजीएम बघा, जी स्टार्टिंगही करते आणि थोडा खोल डिस्चार्जही सोसते. काही कंपन्या रंगावरून ओळख ठेवतात, ऑप्टिमाची लाल टोपीवाली फक्त स्टार्टिंगला आणि पिवळी दोन्ही कामांना, तसं तुम्ही घ्याल त्या कंपनीचं डेटाशीट उघडून वाचा, स्टिकरवरच्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका.

वाळूतला_गडी

डोंगरताईंचा आदर आहे पण मी थोडा वेगळा विचार करतो. दादांच्या दोन्ही बॅटऱ्या साध्या होत्या म्हणून मेल्या नाहीत, सुट्या होत्या म्हणून मेल्या, हे तर सिद्धच झालं. माझी साधी पाण्याची बॅटरी पाचवं वर्ष चाललीये आणि मी पण दगडातच गाडी चालवतो. खाली ट्रेमधे रबराची शीट, वरून पूर्ण रुंदीची लोखंडी पट्टी, दोन्ही बाजूंना रॉड. दर दोन महिन्यांनी पाण्याची पातळी बघतो, डिस्टिल्ड वॉटर घालतो, हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने, प्रत्येक सेल तपासतो. फुल्ल चार्जला १.२६५ च्या आसपास यायला हवं, एखादा सेल बाकीच्यांपेक्षा मागे पडायला लागला की मला महिनाभर आधी कळतं. एजीएमवाल्याला हे आत डोकावून बघणंच शक्य नाही. आणि आडरस्त्यावरच्या गावात बॅटरी गेली तर साधी कुठेही मिळते, हेही सोडून देण्यासारखं नाही.

डोंगरताई

@वाळूतला_गडी तुमचं पटतं, पण तुमच्या पाच वर्षांमागे दर दोन महिन्यांची तुमची मेहनत आहे. ती ज्याच्याकडून होणार असेल त्याने बेलाशक साधी घ्यावी, झाकणं उघडता येणारी. दादांची मेंटेनन्स फ्री होती, म्हणजे ना पाणी घालता येत ना एजीएमसारखी घट्ट, दोन्हीकडचं नुकसान. आणि त्यांच्याकडे विंच आहे.

वाळूतला_गडी

विंचचा मुद्दा मान्य. माझ्याकडे विंच नाही.

चिखलवाट

फ्यूज काढून बघितले, विंचचा वायरलेस रिसीव्हरच निघाला. तो काढल्यावर २५ मिलिअँपिअर. आता त्याला वेगळा कट ऑफ स्विच लावतोय. अजून दोन शंका. लिथियमचं काय? वजन कमी होईल म्हणून मोह होतोय. आणि विंचसाठी ७० एएच पुरतं का, की दुसरी बॅटरी टाकू?

पान्हा_१४

लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, चांगली वस्तू आहे, वजन निम्म्याहून कमी, आणि ८० टक्के वापरली तरी तिला काही होत नाही. पण बॉनेटखाली स्टार्टिंगला मी सांगणार नाही. शून्य अंशाच्या खाली ती चार्ज करायची नसते, इंजिनच्या उष्णतेत तिचं आयुष्य घटतं, आणि आतल्या बीएमएसला (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटला) करंट जास्त वाटला तर तो क्षणात सप्लाय तोडतो. विंच ओढत असताना सप्लाय तुटला तर काय होईल विचार करा, शिवाय अल्टरनेटर चालू असताना बॅटरी अचानक सुटली तर व्होल्टेज उसळून इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं. तिची जागा मागच्या डब्यात, फ्रिजसाठी, डीसी टू डीसी चार्जरवर (अल्टरनेटरचा करंट आवरून बॅटरीला देणारा). सरळ अल्टरनेटरला जोडू नका, ती एवढा करंट खेचते की अल्टरनेटर तापून जातो.

विंचचा हिशोब असा. मोठा विंच पूर्ण लोडवर ४०० अँपिअरच्या आसपास घेतो. तुमचा अल्टरनेटर समजा ९० देतोय, तेही आयडलवर नाही. बाकीचे ३०० च्या वर बॅटरीतून, म्हणजे मिनिटाला ५ एएच. आणि शिशाची बॅटरी एवढ्या वेगाने उपसली की तिची पूर्ण क्षमता मिळतच नाही, ७० मधले फार तर निम्मे धरून चाला. म्हणून इंजिन चालू, थोडा रेस देऊन, अर्धा मिनिट ओढा, थांबा, व्होल्टेज वर येऊ द्या, परत ओढा. वाळूत तुमचं झालं तसं इंजिन बंद पडलं, तर विंच एक सेकंदही चालवायचा नाही. आणि एक पुली जवळ ठेवा, दोरी पुलीतून फिरवून परत गाडीला अडकवली की विंचवरचा लोड जवळजवळ निम्मा होतो आणि करंटही त्याच मानाने उतरतो. एवढं केलं तर मूळ आकाराची एक चांगली एजीएम तुम्हाला पुरेल. रात्री फ्रिज चालवून सकाळी सेल्फ नक्की हवा असेल तर मात्र फ्रिजची बॅटरी वेगळी करा, एकाच बॅटरीवर दोन्ही जीव टांगू नका.

घेताना मूळ बॅटरीची लांबी रुंदी उंची टेपने मोजून न्या, टर्मिनल कुठल्या बाजूला आहे ते फोटो काढून न्या, उलट्या बाजूचं आलं तर केबल ताणली जाते आणि तीच पुढे घासून शॉर्ट होते. तारखेचा शिक्का बघा, तीन चार महिन्यांपेक्षा जुनी नको. समोर मीटर लावा, एजीएम १२.८ च्या आसपास दिसली पाहिजे, १२.५ च्या खाली असेल तर पडून राहिलेली आहे, घेऊ नका. काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना निगेटिव्ह शेवटी, म्हणजे पान्हा बॉडीला लागला तरी ठिणगी नाही. नवीन गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरीचा करंट मोजणारा सेन्सर असतो, तुमच्यात असेल तर विंचची अर्थ वायर सेन्सरच्या पलीकडे बॉडीला द्या, आणि बॅटरी बदलल्याचं स्कॅनरने गाडीला सांगावं लागतं.

चिखलवाट

मंडळी, सात महिने झाले, म्हटलं कळवतो.

मूळ मापाचीच ड्युअल पर्पज एजीएम घेतली, रिझर्व्ह कपॅसिटी १२५ मिनिटं. पहिल्या ठिकाणी जी दाखवली ती मीटरवर १२.४ होती, घेतली नाही, दुसरीकडे १२.८४ वाली मिळाली, दीड महिन्यापूर्वीचा शिक्का. ट्रेखाली रबर टाकलं, वाळूतल्या गड्यासारखी रुंद लोखंडी पट्टी करून घेतली, टर्बोच्या बाजूला हीट शील्ड लावलं. फ्रिजसाठी अजून वेगळी बॅटरी केली नाही, तोपर्यंत रात्री झोपताना फ्रिज बंद करतो. दोन आठवडे उभी राहिल्यावर सकाळी १२.७ च्या खाली अजून गेली नाही. मधे तीन वेळा विंच वापरला, एकदा पुली लावून, इंजिन चालू ठेवून, डॅशवरच्या व्होल्टमीटरवर डोळा ठेवून, आणि त्यातल्या एका वेळी लेक सोबत होती, तीच मला आकडे वाचून दाखवत होती.

पान्हा काकांनी फोनवर सांगितलं होतं म्हणून क्लॅम्पच्या दोन्ही नटांवर पांढऱ्या पेंटची रेघ मारून ठेवलीये, नट फिरला तर रेघ तुटते. काल डोंगरातून आल्यावर बॉनेट उघडून बघितलं, दोन्ही रेघा जुळलेल्याच आहेत.

वाळूतला_गडी

पट्टीला आतून रबर लावलंय ना? मेटल थेट डब्यावर घासलं तर कडेला चीर जाते, मागच्या वर्षी एकाची गेली. आणि पट्टी पॉझिटिव्ह टर्मिनलपासून किती लांब आहे त्याचा एक फोटो टाका, त्या टर्मिनलला टोपी असलीच पाहिजे.

चिखलवाट

रबर आहे. टोपी नाहीये, उद्याच लावतो. फोटो रात्री टाकतो.